बाहेरून कुलूप

साहेब : अहो ताई, तुम्हाला कुणी बांधून ठेवलंय का? अटक नाही, काही नाही. बोलावलं, तुम्ही आलात. वाटलं तर आत्ता उठा. दार उघडंच आहे.

सून : दारात शिपाई उभा आहे.

साहेब : तो होय? त्याच्या टेबलावरचा पंखा बिघडलाय. वारा खायला उभा राहतो बिचारा.

सासू : बिचाऱ्याला म्हणावं, जरा बाजूला उभा राहून खा. आमच्या वाटणीचाही वारा अडवलायस.

साहेब : सांगतो, मावशी. चहा मागवू?

सून : नको. चहा म्हणजे अजून तासभर बसायचं.

सासू : मला मागवा, साखर कमी. बसवायचं असेल तर बसवतीलच गं. कोरड्या घशानं कशाला बसायचं?

साहेब : ताई, तुमचा स्वभाव भारी संशयी आहे.

सून : मी शाळेचे गणवेश शिवते, साहेब. गिऱ्हाईक ‘थोडंसंच काम आहे’ म्हणालं की समजायचं, अख्खी शिवण उसवावी लागणार.

साहेब : माझं मात्र खरंच थोडंसं आहे. तुमचे दीर कुठे आहेत?

सून : माहीत नाही.

साहेब : मावशी, तुमचा धाकटा कुठे आहे?

सासू : मोठा झाला आता. मला विचारून जातो की काय?

साहेब : सकाळी आमचा माणूस तुमच्या घरी येऊन गेला. दाराला बाहेरून कुलूप. आत पंखा मात्र चालू होता म्हणे.

सून : घाईत बंद करायचा राहिला.

साहेब : राहतो, राहतो. माझ्याही घरी राहतो. पण आमचा माणूस जरा थांबला, तर तुमचा पंखा खोकला म्हणे.

सासू : जुना आहे हो तो.

सून : एवढी खात्री आहे तर तोडा ना कुलूप.

साहेब : नाही तोडता येत. कोर्टाचा कागद लागतो. तो हातात येईपर्यंत तुमच्या उंबऱ्याच्या आत माझं पाऊल पडू शकत नाही. आता बघा, कायद्यानं बांधलंय कुणाला? मला. तुम्हाला नाही.

सून : आणि कागद आला की?

साहेब : मग आत जाणं माझं कामच होतं.

सून : म्हणजे कुलूप आमचं आणि किल्ली तुमच्याकडे.

साहेब : मग काय, कायदाच नको म्हणता? उद्या कुणी दांडगा आला आणि तुमचं शिवणयंत्र उचलून घेऊन गेला, तर कुणाकडे याल?

सून : तुमच्याकडेच येऊ. आणि तुम्ही विचाराल, यंत्र तुमचंच होतं कशावरून?

साहेब : विचारावंच लागतं. नाहीतर तो दांडगाही येऊन सांगेल, माझं आहे.

सासू : तुमचं चालू द्या, पण माझ्या पोरानं असं केलंय तरी काय? वर पाटी, ‘सर्वांसाठी मैदान’. खाली ही जाडजूड साखळी. पोरं रस्त्यात खेळतात, गाड्यांच्या मधून. ते फाटक माझ्या पोरानंच जोडलंय, साहेब. वेल्डिंग त्याच्या हातचं. रोज तिथून जायचा आणि रोज चडफडत यायचा, म्हणायचा, हे मी पोरांना अडवायला केलं का? शेवटी कापली साखळी. एका साखळीसाठी एवढी वरात?

साहेब : एका साखळीसाठी मी दंड घेऊन सोडला असता, मावशी. त्यानं बिजागऱ्याही कापल्या. फाटक सुटलं आणि चौकीदाराच्या पायावर पडलं. घोट्याचा चुरा झालाय.

सासू : कुणाच्या घोट्याचा?

साहेब : चौकीदाराच्या. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?

सून : तो वाढवून सांगत असेल. भरपाई मिळते ना.

साहेब : मी स्वतः जाऊन बघितलाय पाय. ताई, मैदान बंद करा असं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पगार घेत होता, राखत होता. तुमच्या दिराला मोकळीक हवी होती, ती त्याच्या पायावर पडली. त्यानं आता कुठे दाद मागायची? थांबा हं, फोन वाजतोय. बाहेर जाऊन बोलतो. दार उघडंच ठेवतो.

सासू : तुला ठाऊक होतं.

सून : हळू बोला. तो शिपाई ऐकतोय.

सासू : ऐकू दे. तुला पायाचं ठाऊक होतं की नाही?

सून : भावजी म्हणाले, आईला सांगू नका.

सासू : आणि तू मला काय म्हणालीस? साधी साखळीची भानगड आहे, निवळेपर्यंत बाहेरून कुलूप लावू. लावलं मी. माझ्या हातानं.

सून : पायाचं कळलं असतं तर तुम्ही त्यांचा हात धरून इथे आणलं असतं.

सासू : आणलं असतं, नसतं. ते मला ठरवू द्यायचं होतंस.

सून : आणि इथे आणून काय झालं असतं? हा गोड बोलतोय म्हणून विरघळू नका. एकदा आत गेले की कोण ऐकतंय त्यांचं? चौकीदाराच्या पायाची एवढी काळजी असती, तर एवढं जड फाटक एकट्या म्हाताऱ्यावर सोपवलं असतं का? मला यांच्या एका शब्दाचा भरवसा नाही.

सासू : तुला माझाही नाही.

सून : असं नका म्हणू, आई.

सासू : मी कुलूप लावत होते ना, तेव्हा तो आतून म्हणाला, ‘किती वेळ?’ मी म्हटलं, गप बस, तुझ्या भल्यासाठीच आहे. या लोकांसारखीच बोलले गं मी. अगदी यांच्यासारखी.

साहेब : माफ करा, लांबलं जरा. कागद आज काही होत नाही. कोर्ट उठलं. तुम्ही आपल्या घरी जा.

सून : आणि मागून तुमचा माणूस येणार.

साहेब : रस्त्यावरून कुणी चालायचं, हे मी कसं ठरवणार?

सून : ऐकलंत, आई?

साहेब : ताई, खरं सांगू? तुमच्या जागी मीही विश्वास ठेवला नसता. पण तो आपणहून आला, तर ‘आपणहून आला’ असं मी लिहीन. पुढे त्याचा उपयोग होतो.

सून : आणि नाही लिहिलंत तर? आम्ही कुणाला विचारायचं?

साहेब : मलाच विचारावं लागेल. ते मात्र खरं.

सासू : चौकीदार कुठे आहे?

साहेब : सरकारी दवाखान्यात. वरच्या मजल्यावर.

सासू : बरं. येते मी. चहा बरा होता.

(दोघी रस्त्यावर.)

सून : वळून बघू नका. टपरीच्या बाकावर निळा शर्ट बसलाय, मघापासून एकच पेपर वाचतोय. घरी नको, माझ्या मावशीकडे जाऊ. अंधार पडला की मागच्या बाजूनं घरी.

सासू : आणि तोवर तो?

सून : पाणी आहे, जेवण झाकून ठेवलंय, पंखा आहे.

सासू : तुरुंगातही देत असतील हे सगळं.

सून : आई! आपण वाचवतोय त्यांना.

सासू : मी एवढा वेळ तिथे बसले. भीती वाटत होती, पण दार दिसत होतं. मनात आणलं असतं तर उठले असते, म्हातारीला कोण अडवतंय? माझ्या पोराला मी तेवढंही ठेवलं नाही. आपण घरी जायचं. कुलूप काढायचं.

सून : आणि हा मागोमाग आला तर? भावजी सापडतील. नाहीतर दार उघडताच चाळीच्या मागच्या जिन्यानं पळतील.

सासू : किंवा जाऊन त्या माणसाचा पाय बघून येईल. मला काय ठाऊक? तुला तरी काय ठाऊक? त्याला विचारलंय कुणी?

सून : तुम्ही त्यांना सांगणार काय?

सासू : त्याचं फाटक ज्याच्या पायावर पडलं, तो माणूस कुठे आहे ते सांगणार. साहेब काय म्हणाला तेही सांगणार, आणि त्यावर तुझा भरवसा नाही हेसुद्धा. मग गप्प बसणार.

सून : आणि पळाले तर?

सासू : रडेन. पण पुन्हा कुलूप लावणार नाही.

सून : आई, तो उठला. आपल्याच मागे येतोय.

सासू : येऊ दे. रस्ता काय आपल्या दोघींचाच आहे? चल, पाय उचल.