लॅपटॉपला रेडिएटर

आमचं घर मिठागराचं. उरणच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं गाव, आजोबा मीठ काढायचे, बाप मीठ काढायचा आणि मीही काढलं असतं, पण मी नाकात बोटं घालायच्या वयाचा होतो तेव्हाच बंदराचं काम सुरू झालं, जमिनी गेल्या आणि जिथं मिठाच्या राशी लागायच्या तिथं कंटेनरच्या राशी लागल्या. लोक म्हणतात वाईट झालं. झालं असेल, मला उन्हात मीठ ओढायचा तसाही कंटाळाच होता. आणि हे मी तुमच्याशी असं साफ बोलतोय ना, घरी असं बोललो तर बायको म्हणेल याला ताप आलाय, घरात आमची आगरीच चालते. तुम्ही लिहून घेताय म्हणून जरा इस्त्री करून बोलतो.

तर कंटेनर आले म्हणजे ट्रेलर आले, आणि ट्रेलर आले म्हणजे तापणारी इंजिनं आली. फाट्यावर बशीरभाई म्हणून एका केरळच्या माणसाचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं मी लागलो. काम काय, तर रेडिएटरच्या तांब्याच्या नळ्या फुटतात, त्या गॅसच्या ज्योतीवर कथील वितळवून झाळायच्या, मग अख्खा रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवून आत हवा सोडायची, बुडबुडा आला तर अजून भोक आहे, नाही आला तर पैसे मागायचे. एवढीच माझी विद्या, बाकी सगळं तोंडाचं. बशीरभाई म्हातारपणी गावी निघून गेला, दुकान माझ्याकडे आलं, फळीवर नाव बदललं, रोहिदास रेडिएटर वर्क्स.

आता अण्णा. अण्णा माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, नगरकडचा माणूस, स्वतःचा ट्रेलर, बंदरातून माल उचलायचा आणि घाट चढून वर न्यायचा. त्याची गाडी दुकानात लागली की आधी मला शिव्या, मग चहा, मग काम. आरं रोहिदासा, मागल्या टायमाला झाळ दिली व्हती का शेण लावलं व्हतं? मी म्हणायचो, शेणच लावलं होतं अण्णा, तुमची गाडी ओळखते ना शेणाला. अशी आमची दोस्ती. मग त्याला साखर झाली, त्याने काय ऐकलं नाही, डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. ट्रेलर विकला. मुलगी ज्योती कोपरखैरण्यात राहते, बोनकोड्याच्या बाजूला, तिने बापाला आपल्याकडे आणलं. मी भेटायला गेलो तर अण्णाने मला एक शिवी दिली नाही. मी बायकोला येऊन सांगितलं, माणूस हातचा गेला.

पुढे काही महिने गेले असतील, ज्योतीचा फोन. काका, येऊन बघाल का, बाबांची गाडी तापते. मी म्हटलं, अगं पोरी, गाडी विकली ना त्यांनी? म्हणाली, दुसरी आहे, टेबलावर आहे, तुम्ही या तर खरं.

गेलो. आणि काय सांगू तुम्हाला, बेडरूममध्ये टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं एक स्टीअरिंग, खाली दोन पेडल, समोर काळा जाडजूड लॅपटॉप, आणि अण्णा एका पायावर ट्रेलर चालवतोय! ज्योती घरांच्या इंटिरियरची थ्रीडी चित्रं बनवते, त्याला हा गेमिंगचाच लॅपटॉप लागतो म्हणे, तिने नवीन घेतला आणि जुना बापाला दिला, त्यात ट्रकचा गेम घालून. मी विचारलं, अण्णा, कुठं चाललात? म्हणाला, जर्मनी. आणि शिव्या सुरू, माझ्या कानाला गोड लागल्या. म्हणाला, काय देश हाय का हा, रस्त्यात गाय नाय, रिक्षा नाय, हॉर्न मारला तर कुत्रं बघत नाय, झोप येती गड्या. मग कोणा हौशी पोरांनी आपल्याकडचा घाट बनवलाय, तो ज्योतीने त्यात घालून दिला. नाव नव्हतं त्याला, पण वळणं बघून अण्णा म्हणाला हा कसारा, आणि तेव्हापासून जर्मनी बंद.

ज्योतीने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. काका, हे सकाळी आंघोळ करून शर्ट घालून बसतात, ट्रिपला निघाल्यासारखे. ट्रिप पोचली की जेवतात, बोलतात, मला ओरडतात सुद्धा. पण घाटात अर्ध्या चढावर लॅपटॉप इतका तापतो की आपोआप बंद पडतो, काळी स्क्रीन. मग ते ताटाला हात लावत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात, दुसऱ्या दिवसापर्यंत शब्द नाही. दुरुस्तीवाल्याने दोनदा साफ करून दिला, आतली उष्णता ओढणारी पेस्ट बदलली, म्हणतो याच्यावर गार होणार नाही, जुना आहे आणि खोली पश्चिमेची आहे. मी म्हटलं, एसी लाव. तर बाहेरून अण्णाचा आवाज, एशीत बसून टरक चालवायला मी काय साहेब हाय का? आजकालच्या ट्रकांना एसी असतो, पण हे त्याला कोण सांगणार.

घाटात गाडी बंद पडणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे, मी त्याच माणसांत वाढलो. मागे लाइन लागते, लोक काच खाली करून बघतात. अण्णाच्या मागे कोणी नव्हतं, बेडरूमचं कपाट होतं, पण त्याला ती लाइन दिसत असणार.

मी लॅपटॉप दुकानात आणला. मागचं झाकण उघडलं आणि मला हसूच फुटलं. आत तांब्याच्या चपट्या नळ्या, नळ्यांच्या टोकाला बारीक पत्र्यांची जाळी, जाळीला दोन पंखे. अरे हा तर माझाच धंदा! एवढासा, पण रेडिएटरच. मी मनात अख्खा आराखडा केला. या नळ्यांना शेजारून आणखी एक तांब्याची नळी झाळायची, तिच्यातून पाणी फिरवायचं, पाणी बाहेर गार करायचं, झालं. नळ्यांचा सांगाडा स्क्रू काढून सोडवला, शिकंज्यात धरला, चार माणसं बघायला उभी होती म्हणून जरा ऐटीत गॅस पेटवला आणि ज्योत लावली. तुम्हाला सांगतो, नळी बेडकासारखी फुगली आणि फट्! माझ्या मनगटावर गरम पाण्याचा शिंतोडा.

आता सांगा, पंचवीसेक वर्षं मी तांब्याच्या नळ्यांना आग दाखवतोय, माझ्याकडे येणारी नळी फुटकीच असते, मोकळीच असते. मला काय माहीत ही दोन्ही टोकांना बंद असते आणि आत थेंबभर पाणी कोंडलेलं असतं, तेच उकळून एका टोकाला जातं, गार होऊन परत येतं. हे मला नंतर त्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, हसत हसत. बायको म्हणाली, तुमाला कोनी सांगलाय नको ते उद्योग कराला? मी म्हटलं, ज्योतीने. म्हणाली, मग जा तिला तोंड दाखवा.

गेलो दाखवायला. फुटकी नळी अण्णाच्या हातात दिली. मला वाटलं आता आई-बाप निघतील माझे. त्याने ती उलटसुलट बघितली, मला परत दिली आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. ज्योती जिन्यापर्यंत आली, रागावली नाही, एवढंच म्हणाली, काका, उद्या सकाळी मी यांना काय सांगू? आणि दुसऱ्या दिवशी तिचाच फोन, शर्ट घालून बसलेत, स्टीअरिंग धरून, समोर काही नाही.

मग मी दुकानाला कुलूप लावलं. तसला सांगाडा नवा मिळत नव्हता, जुनं मॉडेल. तुर्भ्याला भंगारवाल्यांच्या लायनीत फिरलो, एकाच्या ढिगातून स्क्रीन फुटलेला त्याच जातीचा लॅपटॉप निघाला. भंगारवाला म्हणतो, चालू नाही होणार शेठ. मी म्हटलं, मला चालू नकोच आहे, मेलेलाच दे.

या वेळी लॅपटॉपजवळ ज्योत नेली नाही. तांब्याची नळी घेतली, तिच्यात वाळू भरली, वाळू भरली की नळी वाकवताना चेपत नाही, आणि हव्या त्या वळणाने वाकवली, मग वाळू काढून एका अंगाने ठोकून चपटी केली. जोड सगळे दुकानात बाजूला झाळले. भंगारातला सांगाडा अण्णाच्या लॅपटॉपमध्ये बसवला, ती नळी त्याच्या नळ्यांवर पेस्ट लावून क्लिपने नुसती दाबून बसवली, मागचं झाकण कापून दोन तोंडं बाहेर काढली. एका जुन्या जीपच्या केबिनचा हीटर पडून होता, तो म्हणजे वीतभर रेडिएटरच, त्याला पंखे लावले. पाणी फिरवायला माशांच्या टाकीतला पंप, पाणी बॅटरीत घालतात ते शुद्ध. बसवायच्या आधी नळ्या टाकीत बुडवून हवा भरली. टाकीपाशी वाकून पाण्याला डोळा लावून बसलो. बुडबुडा आला नाही.

ज्योतीकडे खिडकीखाली सगळा संसार मांडला. अण्णा बसला, शर्ट घातलेलाच होता. गाडी निघाली, पायथा आला, चढ सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं वळण, जिथं बंद पडायची ते वळण, तेही गेलं. लॅपटॉपवर हात ठेवून बघितला, कोमट. आतले पंखे फिरतायत की नाही कळेना इतके शांत. घाटमाथा आला, अण्णाने गाडी कडेला घेतली, ज्योतीने टाळ्या वाजवल्या, मी छाती काढून उभा. आणि अण्णा म्हणाला, मेली.

मी म्हटलं, काय मेली?

गाडी मेली. आवाज कुठंय हिचा? चढ लागला की ही कशी घुं करून रडायची, मग मला कळायचं आता लोड आलाय, आता पाय हलका करायचा. आता काय, पाटावर बसून वर सरकल्यावानी वाटतंय. ही काय गाडी हाय का?

बघा, म्हणजे तो आत घोंगावणाऱ्या पंख्याचा आवाज, ज्याच्यामुळे मी तुर्भ्याची धूळ खाल्ली, तोच त्याचं इंजिन होता! ज्योती म्हणाली, बाबा, गेममध्ये आवाज आहे की ट्रकचा. तो म्हणाला, तो पिच्चरमधला, हा खरा.

मी तसाच दुकानात गेलो, पाण्याच्या नळीला पाणी कमीजास्त करायची एक पितळी चावी बसवायला घेऊन आलो आणि ती टेबलाच्या डाव्या अंगाला, गिअरच्या जागी ठोकली. सांगितलं, अण्णा, पुरी उघडी तर गार आणि मुकी. आवळाल तशी तापेल आणि ओरडेल. पण पुरी बंद केलीत तर घाटात मराल, मी येणार नाही टो करायला. त्याने माझ्या सगळ्या खानदानाची विचारपूस केली, आणि चावी अर्धी आवळली.

आता माझ्या धंद्याचं म्हणाल तर नवीन रेडिएटर अर्धे प्लॅस्टिकचे येतात, फुटले की फेकतात, झाळायला काही उरत नाही. ज्योतीच्या ओळखीने दोघातिघांनी लॅपटॉप आणले, त्यांना करून दिलं. त्यांना शांतताच हवी असते. चावी कोणी मागितली नाही.

परवा कोपरखैरण्याला गेलो होतो. अण्णा घाटात होता, डावा हात चावीवर, लॅपटॉप असा घोंगावत होता की ज्योतीने बाहेरून दार लावून घेतलेलं. मी म्हटलं, अण्णा, उघडा आता, जळेल एक दिवस. माझ्याकडे न बघता म्हणाला, जळंल तवा जळंल, बस गप, ह्ये वळण जाऊ दे. मी कॉटवर बसलो. काय करणार, गाडी त्याची, चढ त्याचा. वळण गेल्यावर त्याने बोटभर चावी उघडली, आवाज खाली आला, अगदी पाहिजे तेवढाच. चालवतोय. चालवू दे त्याला.