पदर खोचते तिथपर्यंत

"हॅलो? … हाव, दिव्यानी, बोल व. … नाई, झोपलो नोतो. आंगणात आहो. … दम काऊन लागला म्हणजे? वाकून होतो जीपपाशी, म्हणून. … थांब, पेचकस ठेवतो खाली."

गुणवंतरावांनी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला. हात ग्रीसने माखले होते. दिवस बुडाला होता, पण अजून माणूस ओळखू येत होता. निंबाच्या झाडाखाली जुनी जीप घराच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"हं, आता बोल. … हाव, तेच करून राह्यलो. लाईटच. … लागले ना दोन्ही बल्ब. सकाळीच तालुक्याले, मूलले गेलो होतो, राजदीपच्या गॅरेजवर. … नाई, एलईडी नाई टाकले. … अवं आयक ना. जवाईबापूले म्हणा, राग नोको मानू. त्याईनं धाडले ते डब्यात तसेच आहेत. राजदीप म्हणते, काका, हे तुमच्या जुन्या गाडीत बसवले त उजेड चहूकडं फाकते. समोरच्याचे डोळे दिपते, अन् आपल्याले रस्ता काई दिसत नाई. … हाव, साधेच हॅलोजन. पण काचा नव्या टाकल्या, आतल्या उजेड फेकणाऱ्या वाट्यांसकट. जुन्या पिवळ्या पडल्या होत्या. अन् बॅटरीवरून सरळ जाड तार घेतली, मधात रिले. … रिले, रिले. लहानशी डब्बी असते एक. आधी सारा करंट त्या जुन्या स्विचातून ये, येता येता अर्धा मरे. … पडते ना, चांगला पडते उजेड. गोठ्यामांगचं बोरीचं झाड दिसते इथून.

"… वीस वर्षं, हाव. वीस वर्षं त्याच उजेडात चालवली. … काऊन म्हणजे? गरजच नाई पडली.

"… तुले कसं आठवन, तू त मांगं झोपून राहे. तुही माय डाव्या बाजूनं बसे, मुंडी बाहेर काढून. खड्डा, म्हणे. मी ब्रेक मारो. ढोर, म्हणे. पूल आला, म्हणे. एक डाव केळझरच्या वळणावर म्हणे, बंद करा. काय बंद करा? इंजिनच बंद करा. मले काई दिसे ना. अशी पाचेक मिनटं बसलो आम्ही चूप. मंग अस्वल गेली समोरून, दोन पिल्लं पाठीवर घेऊन. मले नुसती तिची पाठ दिसली, तेही रस्ता पार झाल्यावर. … हाव. मंग जास्त उजेडाचे बल्ब कायले टाकू? पाहणारी बाजूले बसली होती."

भिंतीवरून एक पाल सरकली आणि वळचणीत गेली. गुणवंतरावांनी धोतराच्या सोग्याला एक हात पुसला, मग दुसरा. शनिवारचं विचारायचं होतं. मघापासून ते त्याच्याच अवतीभवती फिरत होते.

"बरं, शनिवारचं काय ठरलं? … टॅक्सी? … नागपूरवरून थेट? … म्हणजे सकाळी यायचं, मायची वर्षी आटोपायची, अन् संध्याकाळी वापस? … नाई, मी काई म्हणत नाई. … अवं माह्यं आयक ना. शुक्रवारी दुपारच्या बसनं बस. सातले मूलच्या स्टँडवर उतरते. मी उभा राह्यतो जीप घेऊन. आठ दिवस राह्य. धान चुरून झालं, मले काई काम नाई. तुह्या छोटीले पाह्यतो मी. … हाव, माहीत हाय, सहालेच अंधारते आजकाल. म्हणून त लाईट टाकले, बाई.

"… जवाईबापूचं खरं हाय. मी कुठी नाई म्हणतो? दिवाळीले चाक नालीत घातलंच न मी. … हाव, छोटी मांडीवर होती तुह्या. … चूक माहीच. कोणी नाली म्हणलं नाई, म्हणून तसाच गेलो सरळ. … नाई व, तुले नाई बोलत. तू मांगं बसली होती पोरीले घेऊन, तुले काय दिसन? … हाव, लक्षात हाय. लाईट भिंतीवर मारून सेटिंग करा, फोटो धाडा, मंग पाहू, असंच म्हणलं त्याईनं. धाडतो ना. आजच धाडतो. …

"… नाई झाली अजून सेटिंग. अडलं थोडं. … खूण सापडून नाई राह्यली. … भिंतीवरची. तुह्या मायची खूण.

"… तुले माहीतच नाई? अवं, जीप आणली त्या सालची गोष्ट. लिलावातून आणली, त लाईट कुठी? आभाळात. झाडावरचे घुबड दिसे, रस्ता नाई दिसे. मंग इथीच निंबाखाली उभी केली, भिंतीपासून पंचवीस फूट. तुह्या मायले म्हणलं, तू भिंतीपाशी उभी राह्य. मी पेच फिरवो, थे तिकून सांगे. थोडं खाली. अजून खाली. आता लयच खाली गेलं, पायाले काय दाखवता? … हाव, तशीच बोले. मंग उजेडाची वरची कड बरोबर कमरेवर आली, पदर खोचते तिथपर्यंत, त म्हणे, बस, बस. आता कोणाच्या डोळ्यात जात नाई. तिथल्या तिथी गेरू आणला अन् कमरेपाशी भिंतीवर रेघ मारली. तवापासून बल्ब गेला, का स्प्रिंग बसली, का काई झालं, का त्याच रेघेवर लाईट. रेघ असूनही तिलेच उभं करो मी. दरसाल. थे म्हणे, रेघ हाय न आता, मले कायले बोलावता, चुलीवर भाजी हाय. तरी ये.

"… गेली कुठी म्हणजे? चुना मारला ना. … तेरवीच्या आधी. … कोणी म्हणजे, मीच. लटारूभाऊ म्हणत होता, तुम्ही बसा, आम्ही मारतो. मले बसवे ना. घरात इतके लोक, अन् हाताले काम नाई. घेतला ब्रश अन् मारत सुटलो. पहिल्या हातातून लाल लाल दिसून राह्यलं होतं. मी म्हणलं हा कायचा डाग, अन् दुसरा हात मारला. … नाई आठवलं. तवा काईच आठवून नोतं राह्यलं. काल जीप लावली इथी, भिंतीकडं पाह्यलं, तवा समजलं काय केलं थे. … खरवडून पाह्यलं. चुन्यासंगच निघते."

भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर हातभर लांबीचा पट्टा खरवडलेला होता. खाली जमिनीवर चुन्याच्या पापुद्र्यांचा लहानसा ढीग पडला होता. काही पापुद्रे आतून गुलाबी होते. ते त्यांनी वेगळे काढून ओट्यावर ठेवले होते.

"म्हणून तुले विचारतो. माय केवढी होती? … उंचीनं, उंचीनं. तुह्या कुठपर्यंत लागे? … कानापर्यंत. कानाच्या पाळीपर्यंत का वरच्या टोकापर्यंत? … अवं अंदाजानं नोको, नीट सांग. … आधार कार्ड पाह्यलं. त्याच्यावर सारं हाय, उंची नाई. दवाखान्याची फाईल पाह्यली. वजन हाय. दर हप्त्याले लिहिलं हाय, खाली खाली जात. उंची कोणीच नाई लिहिली. … लुगड्यावरून कसं समजन? लुगडं त साऱ्यांचंच तेवढं. … फोटोत बसून हाय न. दोन्ही फोटोत बसूनच हाय.

"… काय?

"… हं.

"… हाव. जमिनीपासून लाईटाची उंची मोजायची, अन् भिंतीवर दोन बोटं खाली रेघ मारायची. … हाव, बरोबर सांगते जवाईबापू. राजदीपनंही हेच सांगितलं सकाळी. … टेप हाय. खिशातच हाय.

"… माहीत हाय मले, दिव्यानी. … मोजली. तीन डाव मोजली सकाळपासून. … माहीत हाय म्हणलं ना."

त्यांनी खिशातून टेप काढला, पत्रा थोडा ओढला आणि सोडून दिला. तो खट्ट करून आत गेला. निंबाखाली आता अंधार झाला होता. पलीकडे मुखरूच्या घरी कोणीतरी शेळ्या कोंडत होतं.

"… नाई, आहो ना. कुठी जाईन? … नाई, रडत नाई. तू रडून राह्यली काय? … नोको व. छोटी उठन.

"… काय म्हणते? … मीच? मीच उभा राहू भिंतीपाशी? मंग पेच कोण फिरवन? … हाव, नुसतं पाह्यले. उजेड कुठपर्यंत येते थे. … बरं. थांब मंग. लाईट लावतो. इंजिन चालू ठेवा लागन, नाई त बॅटरी उतरन. … ऐकू आलं? झाली चालू, एका सेल्फात. … हाव, चाललो आता. फोन कानालेच हाय. पंचवीस फूट त जायचं हाय, पोचतो ना."

पंचवीस फूट चालायला त्यांना वेळ लागला. भिंतीपाशी पोचून त्यांनी पाठ टेकवली आणि जीपकडे तोंड केलं. वीस वर्षांत दिवे लावून ते या बाजूला एकदाही उभे राहिले नव्हते. त्यांची जागा कायम तिकडे, बोनेटपाशी नाहीतर स्टेअरिंगमागे.

"आलो. … हाव, उभा आहो. … उजेड खांद्यापर्यंत येते माह्या. वर हाय, खाली घ्या लागन. तुह्या मायच्या त नाकातच गेला असता. तिनं सोडलं नसतं मले.

"… दिव्यानी. … आयक. इथून काईच दिसत नाई व. … लाईटामांगं. सारा अंधार. स्टेअरिंग दिसत नाई, शीट दिसत नाई. … मी तिकून ओरडो, दिसतो काय मी? थे म्हणे, दिसत काई नाई, आवाज येते. मले वाटे गंमत करते. … गंमत नोती. खरंच दिसत नाई. … वीस वर्षं नुसत्या आवाजावर उभी राह्यली थे इथी.

"… नाई, तसं नाई. … म्हणजे असं, का शीट रिकामी हाय का कोणी बसलं हाय, इथून समजत नाई. … दोन्ही शिटांचं. डाव्या शिटाचं बी.

"… येतो, बंद करतो. … उलसा थांबतो. डिझल जळू दे थोडं.

"… बोल ना, आयकून राह्यलो. … दुपारच्या बसनं? … शुक्रवारीच? … अन् जवाईबापू? … फोन त्याईच्याजवळ दे, मी बोलतो. … बरं, तू सांग मंग. फोटो धाडतो म्हणा, आताच, सेटिंग झाल्याबरोबर. … कुठी बसशीन? … समोर? डाव्या बाजूनं? … अन् छोटी? … हाव, शालीत गुंडाळून घेजो, काच पूर्ण लागत नाई तिकडची. … खड्डा म्हणशीन? … नुसतं म्हणून नाई होत, मोठ्यानं म्हणा लागते. इंजिनात आयकू येत नाई. … आता म्हणू नोको, पोरगी उठन.

"… अन् आयक, आल्यावर तूच उभी राह्यजो इथी. गेरू आणून ठेवतो मी. थे तुह्या कानापर्यंत होती न, त तुही कमर थोडी वर येईन. दोन-तीन बोटं खाली धरून रेघ मारू. म्हणजे बरोबर तिची … हॅलो? … दिव्यानी? … आवाज येते काय? … हॅलो?"

फोन कटला होता. भिंतीपाशी टॉवरची अशीही एकच काडी मिळत असे. गुणवंतरावांनी दोनदा लावून पाहिला, मग खिशात टाकला. फोटो धाडायचा होता. त्याआधी सेटिंग करायची होती.

ते तरी थोडा वेळ तिथेच राहिले. जीप धडधडत होती. दोन दिवे सरळ त्यांच्याकडे पाहत होते आणि दिव्यांच्या मागे काही दिसत नव्हतं.

"थोडं खाली," ते इंजिनाच्या वर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. थोडं थांबले. "अजून थोडं."

मग पेच फिरवायला ते स्वतःच तिकडे गेले.