पाच चिठ्ठ्या आणि बटणांचा डबा

मी, वय २३ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., धंदा खासगी शिकवणी, राहणार तयार कपड्यांच्या कारखान्यामागची कामगार वसाहत, तिसरा मजला, समक्ष ठाण्यात येऊन सांगते की,

माझी आई सदर कारखान्यात शिलाई मशीनवर आहे. तिथल्या चाळीस बायकांसाठी मी गेल्या वर्षी फोनवर चालणारे 'टाका' नावाचे डिजिटल चलन तयार केले. एकीने दुसरीचे मशीन तासभर सांभाळले की सांभाळणारीला एक टाका मिळतो. शिल्लक टाके आजारपणासाठी सामायिक खात्यात जातात. या चलनाला मालक नाही. हे वाक्य खोडू नये, असे मी हवालदारांना दोनदा सांगितले आहे.

सामायिक खात्यासाठी आई, मी आणि आणखी तिघी अशा पाच जणींकडे बारा गुप्त शब्दांची एकेक चिठ्ठी होती. तीन चिठ्ठ्या एकत्र आल्याशिवाय खाते उघडत नाही. सत्ता एकीच्या हाती जाऊ नये, हा उद्देश मी जेवणाच्या सुट्टीत तीन वेळा समजावला होता.

दिनांक ११ रोजी सकाळी ९ वाजता खाते रिकामे दिसले. मी तिघींना चिठ्ठ्या दाखवायला सांगितल्या. काजे करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुझ्या आईकडे दिली. माझ्या घरात कागद टिकतो का?" इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या, "मीही तिलाच दिली. तिच्याकडून आजवर सुई हरवली नाही." तपासणीच्या ताई म्हणाल्या, "सगळ्यांनी दिल्या, मग मी एकटीने कशाला मिरवू?"

कुणावर विश्वास ठेवायची वेळच येऊ नये म्हणून तर हा खटाटोप केला, असे मी म्हणाले. त्यावर काकू म्हणाल्या, "अगं, पण तुझी आईच आहे ना ती."

आईने चिठ्ठ्या मशीनच्या खणात, बटणांच्या डब्यात ठेवल्या होत्या. खणाला कुलूप नाही. डबा जागेवर आहे. बटणे आहेत. चिठ्ठ्या नाहीत.

आता त्याच तिघी म्हणतात की टाके आईने गिळले. आई दोन दिवस कामावर गेलेली नाही. तिने चिठ्ठ्या मागितल्या नव्हत्या. लोकांनी आणून दिल्या, तिला नाही म्हणता आले नाही. तिला संशयित धरू नये, एवढ्यासाठी मी आले आहे.

पाचवी चिठ्ठी कुठे आहे असे विचारल्यावरून सांगते की, ती माझी. माझ्या पिशवीत हरवेल म्हणून मी ती पहिल्याच दिवशी आईकडे दिली होती. डब्यात सर्वांत आधी तीच पडली.

हवालदारांनी जबाब मला वाचून दाखवला. शेवटचा परिच्छेद ठेवायचा का, असे त्यांनी विचारले. ठेवा, असे मी म्हणाले. मजकूर मी सांगितला तसाच आहे.