ऐच्छिक देणगी

…आणि वर ठळक अक्षरात छापलंय काय, तर ‘ऐच्छिक’! म्हणजे आपल्या इच्छेने, मनाला येईल तेवढी, वाटलं तर द्या, नाही वाटलं तर… नाही वाटलं तर काय, ते मात्र कुठेही छापलेलं नाही. तुम्हाला सांगतो, या शब्दाइतका लबाड शब्द दुसरा नसेल. सक्तीचं असतं ना, ते परवडतं हो. आकडा लिहिलेला असतो, माणूस मनातल्या मनात दोन शिव्या हासडतो, भरतो, मोकळा होतो. पण ऐच्छिक म्हटलं की मेलाच तो. जेवता जेवता आकडा बदलतो, दाढी करता करता आकडा बदलतो…

आता ही देणगी माझ्या मुलांच्या शाळेची नाही बरं का. माझ्या भाचीच्या. टिल्ली म्हणतो आम्ही तिला, चौथीत आहे. शाळा खाजगी, आणि शाळेला बांधायचा होता हॉल. बाकीच्या मुलांच्या घरी एकेक चिठ्ठी गेली, टिल्लीच्या घरी दोन गेल्या. कारण तिला घरंच दोन. माझी ताई आणि दाजी गेल्या वर्षी वेगळे झाले. परस्पर संमतीने. म्हणजे तेही ऐच्छिकच म्हणायचं! भांडण नाही, आदळआपट नाही, शेजाऱ्यांना भिंतीला कान लावायचीसुद्धा संधी दिली नाही. कायद्याने ते आता माझे दाजी नाहीत, पण तोंडाला एकदा वळण पडलं की कोर्टाचा कागद काय करणार? टिल्ली राहते ताईकडे, शनिवार-रविवार दाजींकडे.

दाजींचं चष्म्याचं दुकान. चिठ्ठी आली त्या दिवशी मी सहज डोकावलो, तर एका गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवलेली, भिंगं बदलणं चाललंय, आता नीट दिसतंय की मघाशी दिसत होतं… आणि मला बघितल्याबरोबर त्या माणसाला तसाच आंधळा ठेवून दाजी पायरीवर आले. मला वाटलं, काय आभाळ कोसळलं. तर हळूच विचारतात, तुझी ताई किती देतेय रे?

मी म्हटलं, तिलाच विचारा की. तर म्हणे, तसं बरं दिसत नाही. अहो, अकरा वर्षं एका ताटातलं खाल्लंत, आणि एवढं विचारणं बरं दिसत नाही?

घरी पोचतोय तोवर ताईचा फोन. ताई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. बोलण्यात गुंतवून सुई टोचायची, ही तिच्या हाताची सवय आता जिभेलाही लागलीय. माझी तब्येत विचारली, मुलांचं विचारलं, मी ओळखलं की आता टोचणार. ‘आणि काय रे… तिकडून किती जाणार आहेत?’ तिकडून! नवरा होता, मग टिल्लीचा बाबा झाला, आणि आता माणसाची नुसती दिशा झाली हो. तिकडून.

मी पडलो सरळमार्गी. ताई म्हणाली पाच हजार, ते मी दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, मग माझे सात. ते ताईला सांगितलं. ताई म्हणाली दहा. लिलावात निदान हातोडा तरी असतो, इथे फक्त मी! शेवटी शाळेच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, साहेब, माणसं साधारण किती देतात? तिथला क्लार्क म्हणाला, छे छे, ऐच्छिक आहे. बरं, म्हणून मी उठलो, तर म्हणतो, आता पहिल्या रांगेत बसायचं असेल तर… आणि छताकडे बघायला लागला. मीही बघितलं. छतावर काही लिहिलेलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी मी ठरवून दुकानात गेलो. म्हटलं, दाजी, पुरे करा आता. हे आणणार कुठून? तर ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले. वेगळे झाल्यापासून तिथेच राहतात. एक खोली, एक खाट. खाटेवर टिल्ली झोपते, आणि शनिवारी रात्री हा माणूस दुकानात, काउंटरखाली सतरंजी टाकून. दोन खोल्यांचं घर घ्यायचं म्हणून पैसे साठवत होते, तिची एक खोली, खिडकीशी टेबल. त्यातलेच देणार होते.

मी म्हटलं, अहो, मग तिची खोली?

दाजी चष्मा पुसत राहिले. पुसलेलाच पुन्हा पुसत राहिले. मग म्हणाले, “तिची आई रोज दिसते तिला. मी दोन दिवसांचा. त्या हॉलमधल्या देणगीदारांच्या पाटीवर माझं नाव खाली दिसलं, तर तिला वाटेल, बाबाने कमी…”

 

आणि ताईचं काय वेगळं? तिने संध्याकाळची जादा पाळी धरली. का, तर आईकडे कमी पडतंय असं पोरीला वाटायला नको. म्हणजे इकडे पोरीची खोली गेली, तिकडे पोरीची संध्याकाळ गेली, आणि सगळं पोरीसाठी! आणि पोर बसलीय माझ्या घरी, माझ्या मुलांबरोबर टीव्ही बघत. तिची इच्छा काय, हे विचारलं कुणी? शाळेने नाही, कोर्टाने नाही, आईबापाने नाही… मी तरी कुठे विचारलं?

तेव्हा तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी नीट विचार करून खोटं बोललो. दोघांनाही एकच आकडा सांगितला आणि म्हटलं, समोरचं माणूस आता इथेच थांबलंय. दोघांनी निमूटपणे तेवढेच भरले.

झालं, हॉल उभा राहिला. उद्घाटनाला मुलांची गाणी. आता शाळेने काय करावं? देणगीप्रमाणे बसायच्या जागा लावल्या. टिल्लीच्या आईची आणि बाबांची रक्कम सारखी, पोर एकच, मग जागा लावणाऱ्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? पहिल्या रांगेत दोन माणसांचा एक कोच ठेवलेला, त्यावर दोघांना नेऊन बसवलं. मी मागच्या रांगेत, घाम मलाच फुटलेला. ताईने मधे पर्स ठेवली. दाजी कोचाच्या त्या टोकाला इतके सरकले, की अर्धे हवेतच.

टिल्लीचं गाणं सुरू झालं. एकटीचं होतं. ऐकताना ताई सारखी चष्मा वर सारत होती, एक काडी ढिली झालेली. दाजींनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं… आणि मग नुसता हात पुढे केला. ताईने चष्मा काढून दिला. यांनी खिशातून तो बारका पेचकस काढला, स्क्रू आवळला, चष्मा उजेडाकडे धरून बघितला, रुमालाने काचा पुसल्या आणि दिला परत. सवयीने हो, गिऱ्हाइकाला देतात तसा. पण ताई तो बराच वेळ हातातच धरून बसली.

आणि गाणं थांबलं. टिल्ली स्टेजवर उभी, तोंड उघडं, नजर त्या कोचावर. पेटी वाजवणाऱ्या बाईंनी ओळ पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली. लोकांना वाटलं, पोर शब्द विसरली. टाळ्या वाजवून बिचारीला धीर दिला.

कार्यक्रम संपला. ताईला पाळीवर जायचं होतं, ती या फाटकाने गेली. दाजींना दुकान उघडायचं होतं, ते त्या फाटकाने. टिल्ली माझ्याबरोबर. चालता चालता म्हणाली, “मामा, शाळेचं अजून काय बांधायचं राहिलंय रे?”

मी म्हटलं, बघतो विचारून. दुसऱ्या दिवशी खरंच त्या क्लार्ककडे गेलो. तो खूश झाला, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, राहिलंय ना, साहेब. भिंत!