जालिंदरची सरळ जाणारी गाडी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या! आपण वाकडे चालायला लागलो, हे सगळ्यांत आधी कुणाला कळतं? आपल्याला? — हो म्हणणाऱ्यांनो, थांबा. ऐका!

जालिंदर खरमाटे म्हणून एक ट्रकवाला होता. स्वतःची दहाचाकी, कांदा वाहायचा, वीस वर्षं स्टिअरिंगवर! घाटात गाडी अशी वळवायचा की शेजारच्याची झोप मोडू नये. आणि गर्व? तोही दहाचाकीच!

जोडीला त्यानं बायकोचा भाऊ घेतला, गोरख. दोन लेकरांचा बाप, स्टिअरिंगवर हात बसलेला. पहिल्याच दिवशी थोडी चालवली आणि म्हणाला, "दाजी, गाडी डावीकडं ओढतीय."

"माझ्या हातात तर सरळ जाते! तुझाच हात कच्चा असंल."

झालं! काही महिन्यांत पुढची दोन्ही टायरं आतल्या कडेनं झिजली. बाहेरून नवीकोरी, आतून टक्कल! जालिंदर फाट्यावर सगळ्या ड्रायव्हरांदेखत ओरडला, "हा ड्रायव्हर नाही, टायरखाऊ आहे!" आणि गोरखला गाडीवरून उतरवलं. आता सांगा, असं नाव पडल्यावर दुसरा कोण त्याच्या हातात गाडी देईल? कुणी दिली नाही. गोरख घरी बसला. सिंधूनं, म्हणजे जालिंदरच्या बायकोनं, नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताटात भाकरी पडायची, शब्द नाही!

जालिंदरनं नवी टायरं घातली, एकटाच चालवू लागला. आणि काय सांगू — तीही आतूनच झिजली! आता कुणावर ओरडणार? रस्त्यावर! टायर बनवणाऱ्यावर! सरकारवर! (हसताय काय? तुम्हीही तेच करता.)

शेवटी गेला घाटाखाली, रज्जाकचाचांच्या टायरच्या दुकानात. चाचांनी टायरवरून तळहात फिरवला. आतून बाहेर नेला, गुळगुळीत. बाहेरून आत आणला — करवत!

"बेटा, दोन्ही चाकांची तोंडं बाहेर फाकलीत. गाडी जाते समोर, चाकं म्हणतात आम्ही चाललो आपापल्या गावाला. घासणारच की!"

"पण चाचा, गाडी सरळ जाते!"

चाचा केबिनमध्ये त्याच्या शेजारी चढून बसले. समोर मोकळं मैदान. "हळू चालव. आता हात सोड."

जालिंदरनं हात सोडले — आणि गाडी निघाली डावीकडं! पुन्हा सोडले. पुन्हा डावीकडं! घाम फुटला गड्याला. अहो, गाडी सरळ जातच नव्हती! हाच तिला उजवीकडं ओढून धरत होता, आणि सवय अशी लागली होती की आपण ओढतोय हेही कळेना. गोरखचा हात नवा. त्याला पहिल्या दिवशी कळलं!

चाचांनी खाली वाकून दोन्ही चाकांना जोडणारा दांडा दाखवला. वाकलेला. "कशावर आपटली होती?"

"दिवाळीआधी... खडीच्या ढिगाजवळ, दगडावर."

"चालवत कोण होतं?"

मंडळी, वीस वर्षांचा ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, "मीच. गोरख तवा गाडीवर आलाबी नव्हता."

दांडा बदलला, मापं घेऊन चाकं सरळ केली, आणि जालिंदर तडक गोरखच्या दारात! गोरख बाहेर आला, पण "या दाजी" म्हणाला नाही. जालिंदरनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"चुकलो. फाट्यावर थांबून सगळ्यांना सांगून आलोय, टायरखाऊ मीच होतो. तू चालव. अन् परत ओढायला लागली तर सांग. मी रागावलो तरी सांग!"

गोरखनं किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "चहा घ्या आधी."

आता तुमच्याकडं येतो! घरात नवी सून आली, आठ दिवसांत म्हणाली, "मामंजी, तुम्ही फार तोडून बोलता." तिला काय म्हणालात? — पुढच्या रांगेतले खाली का बघायला लागले? खरं सांगितलं म्हणून कुणाला तरी तुम्हीही उतरवलंय. उठा, आधी त्याच्या दारात जा! भजन थांबेल थोडं. विठोबा कुठं जात नाही हो, विटेवरच आहे. तो माणूस मात्र जाईल!