रस्त्यावरची माणसं

जुन्या जालन्यात डोळ्यांच्या दवाखान्यात बसलो होतो. समोरच्या बाकड्यावर धावड्याचे मच्छिंद्र, शेजारी म्हातारे लालमियाँ. दोघांची ओळख नुकतीच झालेली.

“चाचा, आमच्या रस्त्यावर माणसं एकदम उगवायची. रस्ता रिकामा, अन् अचानक फटफटीपुढं बाई उभी. पुन्हा पाहावं तर गायब.”

“तौबा! मंग?”

“नारळ फोडले, गंडा बांधला. दोन साल तो रस्ताच सोडला.”

“बंद झालं?”

“न्हाई. घरातबी सुरू झालं. ताटाजवळ कुठून तरी हात यायचा, भाकर ठेवून जायचा. मान वळवली की बायको दिसायची.”

“या अल्ला.”

“आज डॉक्टर म्हणले, काचबिंदू हाय. कडेची नजर गेली, फकस्त मधली राहिली. माणसं खरीच होती, चाचा. किती जणांच्या अंगावर गाडी घालता घालता राहिलो, ते आता कळून राह्यलं.”

“डोळा दुखला न्हाई कधी?”

“बिलकुल न्हाई. समोरचं बराबर दिसायचं, म्हणून दाखवलंच न्हाई. वर्षाला एकदा तपासलं असतं तर तवाच कळलं असतं. गेलेली नजर आता येत न्हाई, राहिलेली औषधानं टिकवायची.”

“संग कोणी आलं का?”

“लेक आल्ती, अर्पिता. औषध आणायला गेली, अजून आली न्हाई.”

“निळ्या ओढणीची पोरगी?”

“हां, तीच. दिसली का कुठं?”

“भाऊ, ती तर कवाची तुमच्या डाव्या बाजूला बसलीय. तोंडाला ओढणी लावून रडून राह्यली.”