घोडा मागे

पोस्टाच्या रांगेत पार्सल घेऊन उभ्या शिंपिणीला पुढच्या म्हातारबुवांचं आणि खिडकीतल्या बाईचं बोलणं ऐकू येत होतं.

“काका, घोडा मागे का घेताय? हत्ती पुढे सरकवलात तर मात आहे.”

“तू माझी पोस्टकार्डं वाचतेस?”

“दोघांचीही. घरी पट मांडून ठेवलाय मी.”

“मात झाली की डाव संपला. मग भाऊ लिहील कशाला? नऊ वर्षं बोलणं बंद आहे आमचं. चाली तेवढ्या येतात.”

“मागच्या कार्डात तेही तुम्हाला मात देऊ शकत होते.”

“मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय त्याचा.”

“त्यांनाही तुमच्याबद्दल तेच वाटत असेल.”

शिंपिणीने पार्सल खाली ठेवलं. म्हातारबुवांनी खिडकीत हात पुढे केला.

“ते कार्ड परत दे बाई. पाकीट दे एक. कार्डावर मावायचं नाही.”